बाईच्या अर्ध्या तासाचा हिशेब
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून सोयाबीनचा भाव, कापसाची खरेदी आणि पीकविमा यांवर बोलणे झाले. आता आम्ही जो विषय मांडणार आहोत तो ऐकून मागच्या रांगेतले काही जण चहाला उठतील. विषय आहे बाईचे वाढलेले वजन, तिच्या रक्तातली चरबी आणि व्यायाम. हे शहरातल्या बंगलेवाल्यांचे दुखणे, शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे कुणाला वाटले तर त्यात नवल नाही.

तर पहिल्यांदा खर्चाची वही उघडा. बियाणे, खत, फवारणी यांचा खर्च हंगामापुरता असतो. साखरेची, रक्तदाबाची गोळी एकदा सुरू झाली की ती बारमाही. दुष्काळ असो की सुकाळ, महिन्याची चिठ्ठी चुकत नाही. उत्पादन खर्च काढताना हा रकाना कुणी धरत नाही. पण कापसाच्या पट्टीतले पैसे औषधाच्या दुकानात जाऊ लागले, तर तो शेतीचाच प्रश्न झाला.

दुसरी गोष्ट. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. शेतीतल्या बाईचे काम कुणाच्या हिशेबात नाही, ही गोष्ट तिथे मोठ्या आवाजात बोलली गेली. त्या हिशेबातला फक्त अर्धा तास मागायला आज आम्ही उभे आहोत. आम्ही शिकलो शेतीशास्त्र, डॉक्टरकी नाही. त्यामुळे औषध सांगणार नाही. जे तपासून, मोजून सिद्ध झाले आहे तेवढेच सांगू.

"आमची बाई दिवसभर राबते"

हा विषय काढला की गावात एकच उत्तर मिळते. "आमची बाई पहाटे पाचला उठते, रात्री दहाला पाठ टेकते. तिला कसला आलाय व्यायाम?" या उत्तरातला अर्धा भाग खरा आहे. बाई राबते. पण म्हणून तिचे रक्त निरोगी राहते, हा दुसरा भाग खरा नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मधुमेहाची मोठी देशव्यापी पाहणी केली. तिच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता, आणि शहरांबरोबर खेडीही होती. त्याचे आकडे २०१४ साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ७९ जणांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड निघाला. खेड्यातले निम्मे लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले, आणि पुरुषांपेक्षा बाया मागे होत्या. महाराष्ट्रात कामाव्यतिरिक्त स्वतःसाठी कसलाही व्यायाम न करणारे शंभरात ९१ होते. २०२३ साली याच पाहणीचे देशभराचे आकडे आले. मोठ्या माणसांपैकी शंभरात ११ जणांना मधुमेह, आणखी १५ जण त्याच्या उंबरठ्यावर, आणि जवळजवळ ४० जणांचे पोट प्रमाणाबाहेर. खेडी यातून सुटलेली नाहीत.

असे का झाले, ते आपल्या शिवारात पाहा. जाते जाऊन गिरणी आली. रहाट जाऊन मोटार आली. खळ्यावरची मळणी, उफणणी यंत्राने घेतली. रब्बी ज्वारी कमी होत गेली, खरिपाचे शिवार सोयाबीनने व्यापले, खुरप्याच्या जागी तणनाशक आले. हे सगळे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. जात्यावर पहाटे तीनला बसणारी बाई सुखात होती, असे ज्याला वाटते त्याने एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. यंत्राने कष्ट कमी केले हे चांगलेच झाले. पण शरीराला लागणारी हालचालही त्याबरोबर गेली. तिची भरपाई कशाने करायची, याचा विचार कुणी केला नाही.

उरले ते काम कोणते? चुलीपुढे बसणे, भांडी, धुणे, दुकानात किंवा शिलाई यंत्रावर बसणे, वाकून खुरपणे, उभ्याने कापूस वेचणे. यात पाठ मोडते, गुडघे जातात. मात्र छातीचा भाता चालेल असे सलग काम त्यात थोडे. शिवाय कोरडवाहू शेतीतले काम सारखे नसते. पेरणी, खुरपणी, वेचणीच्या दिवसांत जीव जाईस्तोवर काम, आणि उन्हाळ्यात महिनोन्‌महिने शेतात पाऊल नाही. ताट मात्र बारा महिने सारखेच. त्यात रेशनचा तांदूळ, पिशवीतले तेल, पाहुणा आला की साखरेचा चहा, मुलांच्या पाकिटातला खाऊ. ज्वारीची भाकरी आणि डाळ मागे सरकली.

राबणे आणि व्यायाम यांत फरक काय?

काम हे मालकाच्या, पिकाच्या, घराच्या घड्याळाने चालते. थकले म्हणून थांबता येत नाही. व्यायाम शरीराच्या घड्याळाने चालतो. दम लागला की वेग कमी करायचा, आणि झाला की विश्रांती.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात एक लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. मोकळ्या वेळात चालणाऱ्या-पळणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी दिसला. नोकरीत जड अंगमेहनत करणाऱ्यांना तो उलट जास्त दिसला. तो देश वेगळा, तिथली कामे वेगळी. पण घाम गाळला म्हणजे हृदय सुरक्षित झाले असे नाही, एवढे त्यातून कळते.

दूर कशाला जायचे? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती मातांचा अभ्यास सुरू झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी तो करत होते. या बाया तुमच्या-आमच्यासारख्या शेतकरी घरांतल्या. ज्यांच्यावर गरोदरपणात शेताचे, पाण्याचे, घराचे काम जास्त पडले, त्यांची बाळे लहान भरली. म्हणजे अंगावर पडलेले राबणे बाईला आणि तिच्या बाळाला महागात पडते. त्याला व्यायाम म्हणून मोकळे व्हायचे, हा आपला सोयीचा हिशेब आहे.

वजनकाटा सगळे सांगत नाही

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. त्या खेड्यांतली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

मोठेपणीही तेच. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच मोजमाप छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. कापसाचा काटा वजन सांगतो. त्यात ओल किती, ते हात घालून पाहावे लागते. तसेच हे आहे.

म्हणून आपल्याकडे पोटाचा घेर मोजतात. बाईसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा. पुरुषासाठी ९० सेंटिमीटर. राज्यात अजूनही पाचातली एक बाई प्रमाणापेक्षा हडकुळी आहे आणि जवळजवळ चारातली एक जादा वजनाची, असे २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. एकाच घरात सून हडकुळी आणि सासू स्थूल, अशी स्थिती आहे. दोघींची हेळसांड एकच.

रक्तातली चरबी म्हणजे काय?

तेल पाण्यात विरघळत नाही, तशी चरबी रक्तात विरघळत नाही. तिला वाहून न्यायला शरीरात गाड्या आहेत. एलडीएल नावाची गाडी यकृतातून माल घेऊन निघते. या गाड्या फार झाल्या की माल रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतो, वाट अरुंद होते. एचडीएल नावाची गाडी उरलेला माल उचलून यकृताकडे परत आणते. आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे जादा खाल्लेल्याचा रक्तातला साठा, तो पुढे पोटात आणि यकृतात जाऊन बसतो. आपल्या लोकांत नेहमी दिसणारा बिघाड म्हणजे परत आणणारी गाडी कमी आणि साठा जास्त.

बाईच्या बाबतीत आणखी एक. पाळी सुरू असेतो तिच्या अंगातला स्त्री-हार्मोन तिला थोडे संरक्षण देतो. पाळी गेली की एलडीएल वाढते आणि चरबी पोटावर येते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली सरकारी समितीने चौकशी केली. आपल्या जिल्ह्यातूनही बाया तोडीला जातात. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर पन्नाशीनंतर येणारा धोका तिशीतच दारात येतो. ज्या बहिणींचे असे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी रक्ततपासणी टाळू नये.

व्यायामाने काय होते, काय होत नाही

चालायला लागले की मांडीचे, पोटरीचे मोठे स्नायू कामाला लागतात. ते रक्तातली साखर स्वतः ओढून घेतात, इन्सुलिनची फारशी वाट पाहत नाहीत. हा गुण एकदा चालल्यावर दिवसभर, कधी दोन दिवस टिकतो. म्हणून रविवारी दोन तास चालण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. ठिबकाने रोज थोडे पाणी आणि महिन्याने एकदा पाट सोडणे, यांत पिकाला काय मानवते ते तुम्हाला सांगायला नको. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी साखर कमी चढते.

तेच स्नायू ट्रायग्लिसराइडही जाळतात, त्यामुळे रक्तातला साठा उतरतो. यकृतातली आणि पोटातली चरबी कमी होते. एचडीएल वाढते, पण थोडे. २००७ साली २५ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला. सरासरी अडीच अंकांची वाढ दिसली, तीही आठवड्याला किमान दोन तास व्यायाम केला तरच. एलडीएलवर व्यायामाचा परिणाम त्याहून कमी. म्हणून डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल, तर चालायला लागलो म्हणून ती मनाने बंद करायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बाया दोन महिने चालतात, वजन उतरत नाही, आणि सोडून देतात. तसे करू नका. अमेरिकेत २००२ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. जादा वजनाचे, बैठे काम करणारे बाया-पुरुष तीत घेतले. त्यांचे वजन मुद्दाम आहे तेवढेच ठेवले आणि फक्त व्यायाम करवला. वजन जवळजवळ तेच, तरीही चरबीच्या गाड्यांचा दर्जा सुधारला. वेगापेक्षा एकूण किती व्यायाम केला, याला महत्त्व होते. म्हणजे काटा हलला नाही तरी रक्तात फायदा होत असतो. शेणखत टाकल्यावर पहिल्या वर्षी उतारा वाढला नाही म्हणून जमीन सुधारली नाही, असे आपण म्हणतो का?

खाणे आणि चालणे दोन्ही बदलले तर किती फरक पडतो, ते चेन्नईला झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक तीत होते. तीन वर्षांत ज्यांना काहीच खास सल्ला नव्हता, त्यांच्यातले शंभरात ५५ मधुमेही झाले. ज्यांनी आहार सांभाळला आणि चालणे ठेवले, त्यांच्यातले ३९. साखरेची गोळी देऊनही जवळपास तेवढाच फायदा झाला. शंभरातली १६ माणसे वाचली, तीही पायी चालून आणि ताट बदलून.

किती आणि कसा?

जागतिक आरोग्य संघटनेचे माप आठवड्याला किमान १५० मिनिटांचे आहे. पाच दिवस अर्धा तास. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीन वेळा. चाल एवढी हवी की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. आश्विन पौर्णिमेला तुळजापूरला पायी जाणाऱ्या आयाबहिणींची श्रद्धा मोठी आहे. पण वर्षातून एकदा चालून वर्षाचा कोटा भरत नाही. तीच पावले रोज थोडी थोडी टाका.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. त्याला काही विकत आणावे लागत नाही. हात न टेकता बाजेवरून दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून रेटणे, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्याच्या वर उचलणे. मांडी मजबूत झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. गुडघे दुखतात म्हणून बसून राहिले, तर ते अधिक दुखतात.

काही पथ्ये आहेत. राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. धाप लागते, चक्कर येते, तिने आधी रक्त तपासावे, लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, मग हळूहळू सुरू करावे. चालताना छातीत दाटले, घाम फुटला, तर थांबायचे आणि दवाखाना गाठायचा. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा गोळी चालू असेल तर उपाशी चालायचे नाही. गरोदर बाईने दवाखान्यात विचारून चालावे. आणि वेचणी-खुरपणीच्या दिवसांत जी बाई आठ तास शेतात वाकलेली आहे, तिला आणखी चालायला लावू नका. तिला त्या दिवसांत विश्रांती आणि ताटात डाळ, अंडे, दूध हवे. व्यायाम हा काम कमी असलेल्या दिवसांसाठी आणि बैठ्या कामाच्या बायांसाठी आहे.

अर्धा तास आणायचा कुठून?

इथपर्यंत सगळे माना हलवतात. अडते ते इथे. बाई सकाळी चालायला निघाली तर चूल कोण पेटवणार? पाणी आले तर कोण भरणार? आणि ती निघालीच, तर पारावरून आवाज येतो, "घरी कामधंदा नाही वाटतं." पुरुष पारावर दोन तास बसला तर ते गावकारण, आणि बाई अर्धा तास चालली तर थेर. हा न्याय कुठला?

घामाचे दाम मागणारी आपली माणसे आहेत. बाजारात आपल्या कष्टाची किंमत होत नाही म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. घरात बाईच्या कष्टाची आणि तिच्या देहाची किंमत आपण किती धरतो? बैल दमला तर जू उतरवतो. विहिरीची मोटार तापली तर बंद करतो. बाईला मात्र एकदा लकवा मारला, हृदयाचा झटका आला, की मग गाडी करून सोलापूरला पळतो, आणि त्या बिलासाठी जमीन गहाण टाकतो. आधीचा अर्धा तास स्वस्त की नंतरचे एकर?

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. प्रत्येक गावाने त्यावर हो की नाही ते सांगावे.

पहिली. आपापल्या गावच्या उपकेंद्रात तिशीवरच्या प्रत्येक बाईची तपासणी करून घ्यायची. आशाताई जो अर्ज भरते त्यात पोटाचा घेर आणि आठवड्याच्या १५० मिनिटांचा प्रश्न दोन्ही आहेत. तो अर्ज घरी बसून अंदाजाने भरू द्यायचा नाही, टेप लावून भरायचा. रक्तदाब आणि साखर तिथे फुकट पाहतात. चरबीच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात आग्रह धरायचा.

दुसरी. पाच-सहा बायांचा गट करून चालायचे. एकटीला नावे ठेवतात, सहा जणींना वाट देतात.

तिसरी. गावाबाहेरच्या चालण्याच्या रस्त्यावर दिवे, झुडपांची सफाई आणि कुत्र्यांचा बंदोबस्त, हे ग्रामसभेत मागायचे. जिथे ग्रामपंचायतीची व्यायामशाळा किंवा मैदानातली व्यायामाची साधने आहेत, तिथे सकाळ-संध्याकाळचा एक तास फक्त बायांसाठी राखून घ्यायचा. तो खर्च गावाच्या पैशातूनच झालेला आहे.

चौथी, आणि ही भावांसाठी. रोज अर्धा तास चूल, पाणी किंवा लेकरे पुरुषाने सांभाळायची. त्यात कमीपणा नाही. भाकरी थापता येत नसेल तर पीठ मळा, तेही येत नसेल तर निदान पाणी भरा. आणि हो, ९० सेंटिमीटरचा टेप तुमच्यासाठीही आहे. बायांच्या मागोमाग चालायला लागलात तर संघटनेला आनंदच होईल.

कर्जमाफीसाठी सरकारकडे जावे लागते, भावासाठी दिल्लीकडे पाहावे लागते. हा अर्धा तास द्यायला कुणाची मंजुरी लागत नाही. तो तुमच्या उंबऱ्याच्या आतच आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने दोन आकडे घेऊन यावे. किती बायांचा घेर मोजला, आणि किती घरांनी अर्धा तास दिला. भाषण पुरे झाले. आता हात वर करून सांगा, कोणकोणती गावे तयार आहेत?